थायलंडची मूर्ती, थायलंडची माणसे आणि आपण



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तुम्हीही काही लिहा, असा समितीचा निरोप आला. आम्ही गिरणीतले कामगार. शाळा अर्ध्यात सुटली, पण वाचन सुटले नाही. पाळी संपली की वाचनालय, असा आमचा नेम. म्हणून वय पन्नाशीच्या पुढे गेले तरी आम्ही स्वतःला विद्यार्थीच समजतो. या विद्यार्थ्याने थायलंड या देशाबद्दल जे वाचले आणि त्यावर जो विचार केला, तो येथे मांडतो.

थायलंडच का, असे कोणी विचारेल. कारण थायलंड आता आपल्या मोहल्ल्यापर्यंत आला आहे. विदर्भातल्या अनेक विहारांत थायलंडहून आलेल्या सोनेरी मूर्ती बसल्या आहेत. डोक्यावर ज्वाळेसारखे निमुळते टोक, लांब कान, धनुष्यासारख्या भुवया. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तर थायलंडचे शंभरावर भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी चालत गेले. गावोगावी लोकांनी रस्त्यावर फुले अंथरली.

यावर तीन प्रकारचे बोलणे आमच्या कानावर येते. कोणी म्हातारी माय म्हणते, "हा बुद्ध आपल्यासारखा काहून दिसत नाही?" तरुण पोरे म्हणतात, "मूर्ती थायलंडचीच पाहिजे, तीच खरी." आणि बाहेरचा एखादा टोमणा मारतो, "तुमचा धम्मच परदेशातून आणलेला आहे." या तिन्ही बोलण्यांना इतिहासाचे उत्तर आहे. ते आपल्या लेकरांना ठाऊक नसेल, तर ती चौकात निरुत्तर होतील. म्हणून हा प्रपंच.

एका संगीतीतून निघालेल्या वाटा

सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्राला तिसरी धम्मसंगीती झाली. मोग्गलिपुत्त तिस्स स्थविर तिचे प्रमुख होते. संगीती संपल्यावर त्यांनी निरनिराळ्या देशांत थेर पाठवले, असे 'महावंस' या सिंहली इतिहासग्रंथात नोंदलेले आहे. त्या यादीत महाधम्मरक्खित थेर 'महारट्ठ' देशी गेले असे आहे, आणि सोण व उत्तर हे दोन थेर 'सुवण्णभूमी'ला गेले असेही आहे. महारट्ठ म्हणजे आपला महाराष्ट्र. सुवण्णभूमी म्हणजे आपलाच भाग, असे ब्रह्मदेशचे लोकही म्हणतात आणि थायलंडचे लोकही म्हणतात. थायलंडच्या नाखोन पाथोम गावी सुमारे १२० मीटर उंचीचा स्तूप आहे. आपल्या देशात धम्म पहिल्यांदा येथेच आला, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. बँकॉकच्या मोठ्या विमानतळाचे नावही त्यांनी सुवर्णभूमीच ठेवले.

म्हणजे या ग्रंथाप्रमाणे महाराष्ट्र आणि सुवर्णभूमी यांना धम्म मिळाला तो एकाच संगीतीतून. कोणी कोणाचा उसनवार नाही. एका मायच्या दोन लेकी दोन गावांना दिल्या, तसे हे नाते आहे.

आपल्या वऱ्हाडात धम्म जुना आहे, याचा पुरावा जमिनीत आहे. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातल्या भोन गावी पूर्णा नदीच्या काठावर डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले, तेव्हा भाजलेल्या विटांचा प्राचीन स्तूप सापडला. अजिंठ्याची लेणी तर वऱ्हाडच्या वेशीवरच आहेत. मग थाई मूर्ती आपल्यासारखी का दिसत नाही? तर त्या लोकांनी बुद्धाला आपल्या माणसांचा चेहरा दिला म्हणून. गांधारात तो ग्रीक लोकांसारखा दिसतो, मथुरेत मथुरेसारखा, चीनमध्ये चिनी माणसासारखा. थायलंडच्या सुखोथाई राज्यात तेराव्या-चौदाव्या शतकात चालता बुद्ध घडवला गेला, एक पाय उचललेला, हात अभयमुद्रेत. चारिका करणारा बुद्ध त्यांना दिसला, तो त्यांनी धातूत ओतला. म्हाताऱ्या मायच्या प्रश्नाचे उत्तर असे, की ज्याने त्याने बुद्धाला आपल्या घरचा करून घेतला.

धारणीकरांसाठी एक खास गोष्ट

आज ज्यांना आपण थाई म्हणतो ते लोक उत्तरेकडून हळूहळू खाली उतरले. त्यांच्या आधी त्या भूमीवर मोन नावाचे लोक राहत होते. साधारण सहाव्या ते अकराव्या शतकात त्यांची 'द्वारवती' नावाची संस्कृती होती. त्यांनी दगडाची मोठमोठी धम्मचक्रे कोरली, त्यांतल्या काहींवर पाली वचने खोदलेली आहेत. थाई लोकांना तिथे जो धम्म भेटला, त्याची मुळे या मोन लोकांनी रुजवलेली होती.

आता ऐका. मोन लोकांची भाषा ज्या भाषाकुळातली आहे, त्याच कुळातली आपल्या मेळघाटातली कोरकू भाषा आहे. भाषाशास्त्रज्ञ या कुळाला ऑस्ट्रो-आशियाई म्हणतात. कोरकू ही त्यातल्या मुंडा शाखेची, आणि त्या शाखेतली सर्वांत पश्चिमेकडची भाषा. धारणीच्या बाजारात कोरकू बाई 'बारी', 'आफय', 'उफुन' असे दोन, तीन, चार मोजते, ते मोन भाषेच्या अंकांशी जुळणारे आहे. हजारो वर्षांपूर्वी तुटलेले हे धागे आहेत, पण धागे आहेत.

हे लिहिण्याचे कारण असे, की आपल्यातलेही काही जण जंगलातल्या कोरकू बांधवाला मागासलेला म्हणून हिणवतात. जातीची झळ सोसलेल्या माणसाने दुसऱ्याला हिणवणे शोभत नाही. ज्या देशाची सोनेरी मूर्ती आपण डोक्यावर घेतो, त्या देशात धम्म रुजवणारे लोक भाषेच्या नात्याने या कोरकूचे भाऊबंद होते, हे ध्यानात ठेवावे.

रोजचे बोलणे, रोजचे जेवण

थाई माणसाचे रोजचे बोलणे ऐकले तर आपले शब्द जागोजागी भेटतात. गुरुजीला ते 'ख्रू' म्हणतात, म्हणजे गुरू. भाषेला 'फासा', अन्नाला 'आहान', देशाला 'प्रथेत'. टेलिफोन आला तेव्हा त्यांनी 'दूर' आणि 'शब्द' जोडून 'थोरसप' असा शब्द तयार केला. वारांची नावे पाहा. रविवारला 'वन आथित', म्हणजे आदित्याचा दिवस. आपली वऱ्हाडी म्हातारी 'आयतवार' म्हणते, तोच हा शब्द. मंगळवार तो 'अंगखान', म्हणजे अंगारक. त्यांच्या ईशान्येच्या कोरड्या, गरीब मुलखाचे नावच 'ईसान' आहे. तिथले लोक पोटासाठी बँकॉकला जातात, जसे मेळघाटातले लोक कामासाठी घरदार सोडून बाहेर पडतात.

एप्रिलच्या १३ ते १५ तारखांना त्यांचा 'सोंगक्रान' सण असतो. हा शब्द म्हणजे आपली संक्रांत. सूर्य मेष राशीत जातो तेव्हा त्यांचे नवे वर्ष लागत असे. मुले वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी ओततात, बुद्धमूर्तीला स्नान घालतात आणि रस्त्यावर एकमेकांना भिजवतात. २०२३ साली युनेस्कोने या सणाची नोंद मानवतेच्या वारशात केली. आपली १४ एप्रिल नेमकी या तीन दिवसांच्या मधोमध येते, हा योगायोगच, पण गोड वाटतो.

जेवणाचेही तसेच. थाई घरात मिरची, लसूण खलबत्त्यात कुटून 'नाम फ्रिक' करतात. आपल्या ठेच्याचाच हा मावसभाऊ. पण मिरची ना त्यांची ना आपली. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या जहाजांमुळे सोळाव्या शतकापासून ती आशियात पसरली. पोर्तुगीज अयुथया राज्यात १५११ साली पोचले. पावाला थाई भाषेत 'खनोम पांग' म्हणतात. त्यातला 'पांग' आणि आपला 'पाव' हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दापासून आलेले. शेवया त्यांनी चिनी लोकांकडून घेतल्या. पूर्वी ते हाताने जेवत, नंतर चमचा-काटा आला. आता सांगा, ठेच्याशिवाय वऱ्हाडी माणसाची भाकरी उतरते का? तरी मिरचीला परदेशी म्हणून कोणी ताटातून काढत नाही. बाहेरचे आले, अंगी लागले, आपले झाले. अन्नाला जो न्याय, तोच विचाराला लावावा.

कापडाची गोष्ट

आम्ही कापडातले माणूस, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगतो. अयुथयाच्या राजांच्या काळी सयामच्या दरबारात भारतातले छापील सुती कापड वापरीत. पूर्वेच्या कोरोमंडल किनाऱ्यावरचे कारागीर सयामी लोकांच्या आवडीची नक्षी मागवून घेत आणि तशी कापडे रंगवून जहाजाने पाठवीत. म्हणजे हात आपला, नक्षी त्यांची.

पण सर्वांत मोठे वस्त्र म्हणजे चीवर. भिक्खूचे चीवर अखंड कापडाचे नसते, तुकडे जोडून शिवलेले असते. मगधातली शेते, त्यांच्यामधले धुरे पाहून तथागतांनी आनंदाला तशा नमुन्याचे चीवर करायला सांगितले, असे विनयात आहे. शेतकऱ्याच्या शेताचा नकाशा भिक्खूच्या अंगावर! बँकॉकच्या रस्त्यावर पहाटे पिंडपाताला निघालेल्या भिक्खूच्या अंगावर आजही मगधाचे धुरे दिसतात.

वर्षावास संपल्यावर आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत तिथे कठीण चीवरदान होते. काही गावांत 'चुला कथिन' करतात. कापूस वेचायचा, सरकी काढायची, सूत कातायचे, कापड विणायचे, रंगवायचे आणि चीवर शिवायचे, हे सगळे एका दिवस-रात्रीत. त्यासाठी सारा गाव रात्रभर राबतो, बाया, बाप्ये, म्हातारे, पोरे सगळे. ज्याला गिरणी ठाऊक आहे त्यालाच याचे मोल कळेल. गिरणीत पिंजण, कातण, विणण यांची वेगवेगळी खाती, आणि एका खात्याचा माणूस दुसऱ्याला ओळखत नाही. तिथे एका कापडासाठी सारा गाव एका खात्यात येतो. वऱ्हाड तर कापसाचा मुलूख. आपल्याकडे असे एखादे चीवर का होऊ नये?

परक्याचे घेतले, पण वाकले नाहीत

१८५३ साली कर्जाच्या निमित्ताने इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतले, आणि इथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ साली, सयामला इंग्रजांशी बाऊरिंगचा करार करावा लागला. तेव्हा तिथे राजा मोंगकुट होते. गादीवर येण्याआधी ते २७ वर्षे भिक्खू होते. पाली तर जाणतच, शिवाय त्यांनी लॅटिन आणि इंग्रजी शिकून घेतली, खगोलशास्त्र अभ्यासले. धम्मात शिरलेल्या भाकडकथा काढून विनयाकडे परत जाणारा पंथ त्यांनी सुरू केला. त्यांचे पुत्र चुलालोंगकोर्न यांनी १८७२ साली भारताचा दौरा केला, मुंबईही पाहिली. त्यांनी टप्प्याटप्प्याने गुलामगिरी मोडली. १९०५ साली तिचा शेवट झाला. १८९३ साली त्यांनी पाली तिपिटक थाई लिपीत छापून जगभरच्या ग्रंथालयांना पाठवले. फ्रेंच आणि इंग्रजांना मुलूख तोडून द्यावा लागला, पण देश गुलाम झाला नाही.

१८९८ साली पिपरहवा येथे तथागतांच्या अस्थी सापडल्या. इंग्रज सरकारने १८९९ साली त्या सयामच्या राजाला दिल्या. कारण तेव्हा जगात स्वतंत्र बौद्ध राजा म्हणून त्यांचाच मान होता. ज्या मातीत बुद्ध जन्मले, वाढले, तिथे त्या अस्थींवर हक्क सांगणारा कोणी उरला नव्हता. हे वाचताना आमचे मन खिन्न झाले. पुढे काळ बदलला. २०२४ साली भारत सरकारने तथागतांच्या तसेच सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्या पवित्र अस्थी दर्शनासाठी थायलंडला नेल्या, तेव्हा लाखो लोक रांगेत उभे राहिले.

परके घेण्याची दुसरी तऱ्हाही तिथे झाली. १९३९ साली फिबुनसोंगखराम यांच्या सरकारने सयामचे नाव थायलंड केले आणि हुकूम काढले. लोकांनी टोपी घालावी, पाश्चात्त्य धर्तीचा पोशाख करावा, पान खाऊ नये. का, तर जगाने आपल्याला सुधारलेले म्हणावे. त्यातले कितीतरी हुकूम त्या सरकारबरोबरच विरले. एक मात्र टिकला. 'स्वस्ति' शब्दावरून एका भाषापंडिताने १९३० च्या दशकात 'सवत्दी' हे अभिवादन तयार केले होते, ते १९४३ साली सरकारने सर्वांना लागू केले. आज साऱ्या देशाच्या ओठी ते आहे.

आपला 'जय भीम' त्याच दशकातला आहे. तो रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. त्याआधी आपल्या वाडवडिलांना कमरेत वाकून जोहार घालावा लागे. (आदिवासी बांधवांचा आजचा जोहार वेगळा, तो बरोबरीचा आहे.) 'सवत्दी'मागे सरकार होते. 'जय भीम'मागे सरकार नव्हते, पोलीस नव्हते. उलट तो म्हटला म्हणून मार खाल्लेली माणसे होती. तरी तो टिकला. ज्याच्यात माणसाची इज्जत आहे ते टिकते.

काय घ्यावे, काय घेऊ नये

बौद्ध देशाचे म्हणून सगळेच घ्यावे का? आमचे उत्तर साफ आहे, नाही. १७५३ साली सयामहून उपाली थेर श्रीलंकेत गेले आणि तिथे तुटलेली उपसंपदेची परंपरा त्यांनी पुन्हा सुरू केली. मोठे काम झाले. पण पुढे त्या सयाम निकायात उच्च समजल्या जाणाऱ्या गोविगम जातीच्याच लोकांना उपसंपदा मिळू लागली. ज्यांना दार बंद झाले ते ब्रह्मदेशात अमरपुरास गेले, तिथे उपसंपदा घेऊन १८०३ साली परतले आणि त्यांनी वेगळा निकाय उभा केला. म्हणजे चीवराच्या आतही जात शिरू शकते. खुद्द थायलंडमध्ये १९२८ च्या आदेशाने स्त्रियांना श्रामणेरी, भिक्खुणी करण्यास भिक्खूंना मनाई झाली. म्हणून तिथल्या धम्मानंदा यांना २००३ साली श्रीलंकेत जाऊन भिक्खुणी व्हावे लागले. शिवाय तिथे घरापुढे भुताखेतांची छोटी घरे बांधतात, गळ्यात ताईत बांधतात, बँकॉकच्या चौकात ब्रह्मदेवापुढे नवस बोलतात.

आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांकडून बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या लोकांची लेकरे आहोत. ताईत आपण सोडला तो पुन्हा थायलंडमार्गे घरात येऊ देऊ नये. कालामांना तथागतांनी सांगितले तेच खरे, की परंपरेने आले म्हणून मानू नका, पारखून घ्या.

मग पारखून काय घ्यावे? तर शाळा घ्यावी. थायलंडमध्ये सरकारी शाळा येण्याआधी 'वाट' म्हणजे विहार हीच गावची शाळा होती. गरिबाचे पोर विहारात राही, भिक्खूंची कामे करी, अक्षरे शिके. १८९८ साली राजाने प्रांतोप्रांतीच्या शिक्षणाचे काम राजपुत्र भिक्खू वजिरञाण यांच्यावर सोपवले, आणि गावोगावच्या विहारांतून नव्या शाळा निघाल्या. आपल्या विहारात मूर्ती किती फुटांची आणावी यावर बैठकी रंगतात. विहारात दिवा किती वाजेपर्यंत जळतो आणि त्याखाली किती पोरे अभ्यासाला बसतात, यावर अशी एक तरी बैठक झाली पाहिजे.

परके ते कोणते?

शेवटी टोमणा मारणाऱ्याला उत्तर. होय, आपण बाहेरच्यांकडून घेतले, आणि ते उघड सांगतो. नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी जन्माने ब्रह्मदेशातल्या आराकानचे होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला जी मूर्ती स्थापली ती रंगूनहून आलेली. आपला पंचरंगी धम्मध्वज १८८५ साली कोलंबोत तयार झाला. विपश्यना सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून आणली. पण या सगळ्यांकडे ते आले कोठून? याच भूमीतून. इथे धम्माचा दिवा विझला तेव्हा शेजाऱ्यांनी आपल्या घरी तो शेकडो वर्षे तेवत ठेवला. आपल्याच दिव्यावरून पेटवलेला शेजारचा दिवा आणून घरातला दिवा पुन्हा लावला, तर त्याला उसनवारी कोण म्हणेल?

म्हणून थायलंडची मूर्ती जरूर आणा, तिच्यापुढे त्रिसरण-पंचशील म्हणा. पण तिच्या सोन्याइतकेच त्या देशाच्या इतिहासाकडेही पाहा. त्यांनी परके शिकून स्वतंत्रता राखली ते घ्या. जात आणि स्त्रीबंदी जिथे शिरली ते सोडा. आणि विहाराच्या एका खोलीत या वर्षी तरी अभ्यासिका सुरू करा. बौद्धांच्या पोरांसोबत तिथे कोरकूंची पोरेही बसावीत. त्यांना बसायला सतरंजी आणि वाचायला पुस्तके मिळाली, तर विहाराचा पुढचा वर्धापनदिन खऱ्या अर्थाने साजरा होईल. पाळी नसेल त्या दिवशी त्यांना इतिहास सांगायला आम्ही येऊ, हा आमचा शब्द.

जय भीम! नमो बुद्धाय!